मीटिंगच्या आधीची मीटिंग

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत चार वर्षं क्वालिटीत आहात. एका पार्टच्या रिजेक्शनमागे तीन महिने लागलात, कारण शोधलंत, आकडा खाली आणलात. मासिक रिव्ह्यूमध्ये मात्र प्रॉडक्शनच्या सहकाऱ्यानं प्लांट हेडसमोर ते 'आमच्या लाइनचं काम' म्हणून दाखवलं आणि तुमचं नाव कुठेच आलं नाही. हा सहकारी साहेबांच्या गावाकडचा, रोज चारच्या चहाला त्यांच्याबरोबर. तुमचा प्रश्न असा, की राजकारण न करता टिकता येईल का, की सरळ नोकरी बदलावी? आणि जाता जाता हेही विचारलंत, की साहेबांच्या मुलीचं लग्न आहे, जावं की नाही.

मी २००१ साली भोसरीत इन्स्पेक्टर म्हणून लागले आणि चाकणला प्लांटची क्वालिटी सांभाळून थांबले. आता छोट्या कारखान्यांना ऑडिटच्या तयारीला मदत करते. तुमच्या वयाचा भाचा आहे मला, म्हणून पुढचं एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

तुझ्या लिहिण्यात 'राजकारण' हा शब्द बऱ्याच वेळा आलाय. पण एक गोष्ट कुठेच नाही. त्या तीन महिन्यांत तू या सहकाऱ्याशी किती वेळा बोललास? रिजेक्शन त्याच्या लाइनवरचं. ट्रायल घेतल्या त्या त्याचं मशीन थांबवून, त्याच्या ऑपरेटरांकडून, त्याच्या त्या दिवसाच्या टार्गेटमधून पीस कमी करून. म्हणजे 'आमच्या लाइनचं काम' हे त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्यानं गिळलं, ते वाईटच. पण तू जर रिव्ह्यूमध्ये स्वतः उठून ते मांडलं असतंस, तर तू तरी त्याचं नाव घेतलं असतंस का? मनाशी खरं उत्तर दे. मला सांगू नकोस.

हे टोचून बोलते, कारण माझ्या हातून नेमकं हेच झालं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. एका पार्टचं बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज यायचं. कधी यायचं, कधी नाही. मी दोन महिन्यांचा शिफ्टवार डेटा काढला. सेकंड शिफ्टचा खांब इतका उंच, की पीपीटीत मावेना. इन्सर्ट (मशीनचं कापणारं पातं) बदलल्यावर पहिला पीस एअर गेजवर (भोकाचं बारीक माप दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासायचा असा नियम होता, पण सेकंड शिफ्टला पोरं व्हर्नियर लावून पुढे जायची. व्हर्नियरला मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कुठला कळायला! मी खूश झाले. मालकांसमोरच्या मीटिंगमध्ये तो खांब लाल रंगात दाखवला आणि वर लिहिलं, 'सेकंड शिफ्टमध्ये फर्स्ट पीस अप्रूव्हल होत नाही'. प्रॉडक्शन मॅनेजर पन्नाशीचे, वीस वर्षं त्याच कंपनीत. मालकांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडमना विचारा, एअर गेज सहानंतर कुठे असतं?"

ते स्टँडर्ड रूमच्या, म्हणजे मोजमापाची उपकरणं ठेवायच्या खोलीच्या, कपाटात असायचं. किल्ली आमच्या डिपार्टमेंटच्या माणसाकडे, आणि तो जनरल शिफ्ट सुटली की घरी.

मला हे माहीत नव्हतं. दोन महिने डेटा काढला, पण एका संध्याकाळी सात वाजता लाइनवर जाऊन उभी राहिले नव्हते. पुढे झालं ते साधंच. माझं निदान बरोबर होतं, उपायही बरोबर होता (लाइनवर वेगळं गेज आणि सेकंड शिफ्टला एक इन्स्पेक्टर), पण ती खरेदी चार महिने अडकली. प्रॉडक्शनची सही लागायची आणि ती येत नव्हती. पार्ट रिजेक्ट होत राहिले. शेवटी टूल रूमचे एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, आदल्या दिवशी त्यांना दाखवलं असतंत तर त्यांनीच मांडलं असतं."

मला राग आला. त्यांनी का मांडावं, काम माझं आहे! बरोबर तुला आत्ता येतोय तोच राग. पण त्यांनी मांडलं असतं तर गेज पंधरा दिवसांत आलं असतं, हेही तितकंच खरं होतं. तो हिशेब पचायला मला बराच काळ लागला.

काही वर्षांनी एका जपानी ग्राहकाच्या ट्रेनिंगमध्ये 'नेमावाशी' हा शब्द ऐकला. 'ने' म्हणजे मूळ, 'मावाशी' म्हणजे भोवतीनं फिरणं. मोठं झाड दुसऱ्या जागी न्यायचं असेल तर एकदम उपटत नाहीत. आधी मुळांभोवती खणून ठेवतात, झाडाला सावरायला वेळ देतात, मग उचलतात. टोयोटाच्या कामाच्या पद्धतीत हा शब्द मुरलेला आहे. ज्या बदलाची झळ ज्याला बसणार, त्याला बैठकीआधी भेटायचं, त्याची हरकत ऐकायची, प्रस्ताव दुरुस्त करायचा आणि मगच तो बैठकीत न्यायचा. बैठक मग शिक्कामोर्तबापुरती उरते. ऐकून मला हसू आलं, कारण आमच्या गावच्या ग्रामसभेचे ठराव आदल्या रात्री पारावरच व्हायचे. लिफ्ट बदलायचा विषय ज्यानं सोसायटीच्या सभेत आधी कुणाशीही न बोलता काढलाय, त्यालाही हे शिकवावं लागत नाही.

तेव्हा तू ज्याला राजकारण म्हणतोस त्यातलं निम्मं हेच आहे. निर्णय मीटिंगमध्ये होत नाही, आधी होतो. तो चारच्या चहाला होतो आणि तू तिथे नसतोस, म्हणून तुला तो कट वाटतो.

मग नेमावाशी आणि कारस्थान यात फरक काय? मी दोन गोष्टी बघते. मेंटेनन्सच्या माणसाला एकट्यात जे सांगितलं, तेच शब्द प्रॉडक्शनच्या माणसासमोर उच्चारता येतात का? येत असतील तर खुशाल दहा जणांना भेट. दुसरी गोष्ट, सगळ्यात आधी भेटायचं कोणाला? कारस्थानी माणूस आधी आपल्या बाजूचे गोळा करतो आणि ज्याच्यावर गदा येणार त्याला शेवटपर्यंत अंधारात ठेवतो. आपण त्यालाच सर्वांत आधी भेटायचं. पोटात गोळा येतो, मान्य आहे. मी पुढे मीटिंगच्या दोन दिवस आधी लाल खांब असलेली प्रत्येक स्लाइड ज्याचा खांब असेल त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायला लागले. "हे असं दिसतंय. माझ्या नजरेतून काय सुटलंय?" एवढंच विचारायचे. निम्म्या वेळा खरंच काहीतरी सुटलेलं असायचं. कधी किल्ली, कधी कूलंट, कधी आमचंच कॅलिब्रेशन.

आता श्रेयाचं. इथे मी तुला 'कर्मण्येवाधिकारस्ते' ऐकवणार नाही. श्रेय लागतं, पगारवाढ त्यावर ठरते. पण ते मीटिंगमध्ये मागायला गेलं की तोंड कडू होतं. ते कागदात आधीच पेरलेलं असावं लागतं, आणि आपल्या धंद्यात त्यासाठी आयता कागद आहे.

एट-डी रिपोर्ट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीवर आठ पायऱ्यांत द्यायचा अहवाल, तू शंभरदा भरला असशील. फोर्डनं ही पद्धत १९८७ साली लिखित स्वरूपात आणली. तिची पहिली पायरी काय? टीम ठरवणं. आठवी? टीमच्या कामाची दखल घेणं. आपण डी-वनमध्ये घाईनं पाच नावं टाकतो, डी-एटमध्ये 'थँक्स टू ऑल' असं लिहून ग्राहकाकडे पाठवतो आणि मग श्रेय कुणी पळवलं म्हणून जेवणाच्या सुट्टीत चिडतो. ते दोन रकाने नीट भर. डी-वनमध्ये नावापुढे भूमिका लिही. डेटा आणि विश्लेषण कोणाचं, ट्रायलसाठी लाइन कोणी दिली, फिक्श्चर (मशीनवर पीस धरून ठेवणारा भाग) कोणी बदललं. त्यात तुझं नाव येतं आणि त्याचंही येतं. ते आधी त्याला दाखव. स्वतःचं नाव मानानं लिहिलेलं दिसलं की माणूस दुसऱ्याचं खोडायला सहसा धजावत नाही. सहसा म्हणते. खोडणारेही पाहिलेत.

ग्राहकाची तक्रार नसेल, घरचाच प्रश्न असेल, तर ट्रायलच्या दिवशी संध्याकाळी तीन ओळींचा मेल. 'आज सेकंड शिफ्टला इतके पीस ट्रायल घेतली. अमुक यांनी मशीन दिलं, अमुक ऑपरेटरनं सेटिंग केलं. निकाल सोबत जोडलाय, पुढची ट्रायल गुरुवारी मी लावतोय.' ज्यांचा संबंध आहे त्यांना आणि तुझ्या बॉसला. असे सहा मेल तीन महिन्यांत गेले असते तर रिव्ह्यूत कोणी काहीही म्हणालं असतं, तरी काम कोणी चालवलं हे सगळ्यांना माहीत असतं. आणि कृपा करून, सहकाऱ्याला ठेच लावायला थेट प्लांट हेडना सीसीत टाकून 'ॲज डिस्कस्ड' असलं काही लिहू नकोस. ते भांडणाचं आमंत्रण असतं आणि ते बरोबर वाचलं जातं.

झाल्या प्रसंगाचं काय करायचं? त्याच्याशी एकट्यात बोल, पण आठवडा उलटून गेलाय, तेव्हा हिशेब मागायला जाऊ नकोस. मी असते तर त्याच्या टेबलाशी जाऊन म्हणाले असते, "परवाच्या रिव्ह्यूत माझं नाव राहिलं, मला वाईट वाटलं. पुढच्या महिन्यात याच पार्टचं होरिझाँटल डिप्लॉयमेंट आहे, हाच उपाय दुसऱ्या लाइनवर. ते दोघं मिळून मांडू. डेटाच्या स्लाइड मी करतो, लाइनच्या तू कर." एवढ्यावर थांबायचं. त्याच्या उत्तरावरून तुला बरंच कळेल. 'अरे, खरंच राहिलं' म्हणाला तर माणूस बरा आहे, घाईत होता. 'कसलं नाव' म्हणाला तर पुढचं काम लेखी चालव आणि त्याच्यासाठी वेगळी झोप घालवू नकोस.

चहाबद्दल. मला गेटबाहेरच्या टपरीवर जाता येत नव्हतं. तिथे सगळे पुरुष, निम्मे सिगारेट ओढणारे, आणि मी एकटी गेले असते तर त्याच्या वेगळ्या बातम्या झाल्या असत्या. पण टपरीवर कळणारं मला कळत नव्हतं, हे नुकसान खरं होतं. मग मी रोज सव्वाआठला रेड बिनपाशी, म्हणजे रिजेक्ट पीस टाकायच्या लाल पेटीपाशी, उभी राहायला लागले. बिनमधला एकेक पीस हातात घ्यायचा आणि 'हा का गेला' असं विचारायचं. आधी एकटीच होते. मग लाइनचा सुपरवायझर यायला लागला, मग मेंटेनन्सवाला, कारण त्याच्यावर ढकललं जातंय का हे त्याला बघायचं असायचं. सहाएक महिन्यांनी प्लांट हेडही राउंडला आले की आधी तिथे थांबायचे. ती माझी टपरी. साहेबांच्या चहात तू घुसावंस असं मला मुळीच वाटत नाही. जमत नसताना केलेलं पुढेपुढे फार केविलवाणं दिसतं. पण जिथे तू सहज उभा राहू शकतोस आणि जिथे दुसऱ्याला कामासाठी यावंच लागतं, अशी एक जागा तुझी हवी. आणि स्टोअर्स, टूल रूम, डिस्पॅच, गेटवरचे सिक्युरिटीवाले यांच्याशी बोलता येणारा माणूस साहेबांच्या चहावाचून अडत नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, तेव्हा केबिनमध्ये बसून पेढ्याची वाट बघू नकोस. लाइनवर जा, हळदीकुंकू लावायला हात लाव.

कुजबुजीबद्दल एक किस्सा, माझ्याच फजितीचा. कँटीनमध्ये एका सहकाऱ्याबद्दल मी म्हणाले होते, "त्याला ड्रॉइंग तरी वाचता येतं का?" कंपनीची बस निगडीला पोचायच्या आत ते त्याच्यापर्यंत पोचलं होतं. पुढचं जवळजवळ वर्षभर तो माझी प्रत्येक डिव्हिएशन नोट (ठरलेल्या मापात न बसणारा माल चालवून घ्यायच्या परवानगीचा कागद) शेवटच्या दिवसापर्यंत दाबून ठेवायचा. त्याची चूक नव्हती. तेव्हापासून कुणी माझ्याजवळ तिसऱ्याबद्दल सुरू केलं, की मी विचारते, "त्याला सांगितलंस का हे? मी येऊ का बरोबर?" बहुतेक विषय तिथेच संपतो, आणि ज्याला खरंच अडचण असते तो 'या' म्हणतो.

वार्षिक मूल्यमापनाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या तक्रारीच्या मुळाशी तेच आहे. मोठ्या कंपन्यांत बॉस तुला रेटिंग देतो आणि तिथे संपतं, असं नसतं. सगळ्या विभागप्रमुखांची एक बैठक बसते. 'उत्कृष्ट' किती जणांना द्यायचं याला मर्यादा असते, आणि तिथे तुझा बॉस तुझ्यासाठी इतरांशी भांडतो किंवा भांडत नाही. तू त्या खोलीत नसतोस. त्याच्या डोक्यात तुझ्याबद्दल दोन-तीनच वाक्यं असतात आणि ती बहुतेक गेल्या सहा आठवड्यांतली असतात. ती वाक्यं त्याला पुरवणं तुझं काम आहे. दर पंधरा दिवसांनी वहीत चार ओळी लिही. काय होतं, काय केलं, आकडा किती बदलला, कोण बरोबर होतं. मार्चमध्ये सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरताना वर्ष आठवत बसू नकोस. आणि तीन महिन्यांतून एकदा बॉसला दहा मिनिटं माग. स्वतःची टिमकी वाजवायला नव्हे. 'या तिमाहीत ही दोन कामं केली, पुढे ही दोन घेतोय, तुमच्या दृष्टीनं यापेक्षा महत्त्वाचं काही आहे का?' असं विचारायला. त्याला काय महत्त्वाचं वाटतं हे ऐकून मी दोनदा तरी चाट पडले आहे. मी पीपीएम (दहा लाख पीसमागे खराब किती, तो आकडा) खाली आणायच्या मागे, आणि त्यांची झोप उडालेली असायची ग्राहकाच्या ऑडिटमुळे.

आता यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगते. मालकाची कंपनी असेल आणि तुझा स्पर्धक मालकाचा भाचा असेल, तर वरच्या सगळ्यानं काम सुरळीत होईल, बढती होईलच असं नाही. गाव, जात, भाषा, कॉलेज यांवर गट बनतात आणि ते डोळ्यांनी दिसतात. त्यावर माझ्याकडे जादू नाही. तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस की कायम, घराचा हप्ता किती आहे, यावर किती ताणायचं हे ठरतं. म्हणून नोकरी बदलण्याबद्दल माझा सल्ला हा, की तुमच्या प्लांटमधल्या गेल्या तीन बढत्या बघ. फक्त चहावाल्या गटातल्या का? की त्यात एखादा तरी मुकाट काम करणारा आहे? एक जरी असेल तर त्यानं काय केलं ते त्याला जाऊन विचार आणि सहा-आठ महिने हे सगळं करून बघ. एकही नसेल तर बायोडेटा आजच काढ. रागानं मात्र नको. हातात पत्र आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही.

आणि काही गोष्टी राजकारणात मोडत नाहीत. तिथे नेमावाशी करत बसू नये. रिजेक्ट लॉट डिव्हिएशनच्या सहीशिवाय पाठव म्हणून दबाव आला, रीडिंग 'ॲडजस्ट' करायला सांगितलं, की नम्रपणे एकच वाक्य: 'सर, मेलवर द्या.' मला आठवतंय तेवढ्यात एकदाच खरंच मेल आला, आणि तेव्हा निदान जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होतं. हे वाचणाऱ्या मुलींसाठी आणखी एक. लैंगिक छळाला 'इथलं राजकारण आहे, सांभाळून घे' असं म्हणणारा माणूस शुभचिंतक नव्हे. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. मुदत लक्षात ठेवा, कारण 'थोडं थांबून बघू' म्हणण्यात ती निघून जाते.

राहता राहिलं साहेबांच्या मुलीचं लग्न. जा की! पत्रिका आली आहे ना? एकटा जाऊ नकोस, लाइनवरच्या ज्या दोघांनी ट्रायलला मदत केली त्यांना गाडीवर घेऊन जा. पाकिटात सगळे टाकतात तेवढेच टाक. स्टेजवर फोटोच्या रांगेत लागायचं तर लाग, नसेल आवडत तर लांबून नमस्कार करून पंगतीला बस. तो सहकारी तिथे वाढायला, पाहुण्यांची ऊठबस करायला पळत असेल, त्याच्या गावचंच कार्य आहे. त्याला पाणी विचार. रिजेक्शनचा विषय तिथे काढू नकोस, तो सोमवारी.